कोलकात्यातील कणशोधकांची घडण

पदार्थविज्ञानाचा इतिहास बहुधा सिद्धान्तांच्या आणि शोधांच्या क्रमाने लिहिला जातो, आणि ज्या साधनांनी ते शोध लागले ती कोणी, कशातून आणि कोणत्या अडचणी सोसून घडवली हा प्रश्न तळटीपेत जाऊन बसतो. कोलकात्याच्या बाबतीत ही मांडणी विशेष अपुरी पडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या शहरात विद्युत्‌चुंबकीय लहरी, अवकाशातून येणारे वैश्विक किरण आणि वेगवर्धकातून निघणारे मूलकण टिपण्यासाठी जी साधने तयार झाली, त्यांच्याकडे सलग पाहिले तर असे दिसते की येथील संशोधकांना कल्पनेची उणीव क्वचितच भासली; त्यांची वाट अडली ती योग्य प्रतीची काच, पंप, तार किंवा इलेक्ट्रॉनिक चिप वेळेवर हाती न आल्यामुळे, आणि जेव्हा जेव्हा ती वस्तू शहरात किंवा देशात बनवता आली तेव्हा तेव्हा संशोधनाचा पल्ला वाढला. कणशोधक, म्हणजे प्रयोगशाळेच्या रोजच्या बोलीतला डिटेक्टर, हे साधन डोळ्यांना न दिसणाऱ्या कणाने किंवा लहरीने एखाद्या पदार्थात घडवलेला सूक्ष्म बदल मोजता येईल अशा खुणेत उतरवते. पदार्थ चांगला नसेल तर खूण पुसट उमटते, आणि पुसट खुणेवरून काढलेला निष्कर्ष कितीही बुद्धिमान असला तरी जगाला तो पटवून देता येत नाही. कोलकात्याच्या इतिहासात हे एकदा फार मोठ्या किमतीवर घडले.

अचूक उपकरणे बनवण्याचा व्यवसाय या शहराला त्यापूर्वीपासून माहीत होता. हिंदुस्थानच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी लागणारे थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याच्या दुर्बिणी, दुरुस्त करण्यासाठी आणि पुढे घडवण्यासाठी १८३० साली कोलकात्यात गणिती उपकरणांचे सरकारी कार्यालय सुरू झाले, आणि जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पदरी असलेले अर्काटचे सय्यद मोहसीन यांनी विलायती कारागिरांच्या बरोबरीने ते काम पेलले. १८७५ साली सेंट झेविअर्स कॉलेजात फादर युजीन लाफों यांनी वेधशाळा उभारली, आणि पुढच्याच वर्षी डॉ. महेन्द्रलाल सरकार यांनी लोकवर्गणीतून इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था काढली, जिच्या बहूबाजार रस्त्यावरील इमारतीत २८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रकाशाच्या विकिरणाचा तो प्रसिद्ध परिणाम दिसला. तरीही सर्वेक्षणाच्या कार्यालयात घडणारे काम ठरलेल्या नमुन्याबरहुकूम होते. जे साधन जगात कोठेच नाही ते स्वतः कल्पून घडवण्याची सुरुवात लाफों यांचे विद्यार्थी जगदीशचंद्र बोस यांनी केली.

बोस १८८५ पासून प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवत होते, आणि १८९४ च्या सुमारास त्यांनी हर्ट्‌झ यांनी दाखवून दिलेल्या विद्युत्‌लहरींवर स्वतंत्र काम सुरू केले तेव्हा कॉलेजात संशोधनासाठी सुसज्ज प्रयोगशाळा नव्हती. त्यांनी पत्र्याचे काम करणाऱ्या एका स्थानिक कारागिराला हाताशी धरले आणि त्याच्याकडून आपल्या आराखड्याप्रमाणे भाग करून घेतले. युरोपातील प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या लहरींची लांबी कित्येक सेंटिमीटरांपासून मीटरांपर्यंत असे आणि त्यासाठी उपकरणेही अवाढव्य लागत. बोस यांनी तरंगलांबी ५ मिलिमीटरपर्यंत खाली आणली, त्यामुळे लहरी निर्माण करणारे यंत्र, त्या वळवणारा लोलक आणि त्या टिपणारा शोधक ही सगळी मांडणी एका टेबलावर मावू लागली. लहरी गोळा करण्यासाठी त्यांनी धातूचे नरसाळे जोडले, जे आज शृंगाकार अँटेना म्हणून ओळखले जाते. लहरींचे ध्रुवण, म्हणजे त्यांच्या कंपनाची दिशा एका प्रतलात बांधणे, तपासण्यासाठी त्यांनी ब्रॅडशॉच्या रेल्वे वेळापत्रकाच्या पानांमध्ये कथलाचे वर्ख घालून पाहिले, आणि ध्रुवणाची दिशा फिरवण्यासाठी बंगालच्या मातीत उगवणाऱ्या तागाच्या पिळलेल्या जुड्या वापरल्या. या साधनांचा साधेपणा पुष्कळदा दारिद्र्याचे कौतुक म्हणून सांगितला जातो, पण तो खरा अर्थ नव्हे. लहर आणि पदार्थ यांच्यातील नाते ज्याला नेमके कळले आहे त्यालाच तागात आणि वेळापत्रकात उपकरण दिसू शकते.

या सर्व मांडणीत सर्वांत अवघड भाग होता तो शोधकाचा. त्या काळी लहर ओळखण्यासाठी कोहिअरर नावाचे साधन वापरत, ज्यात काचेच्या नळीत धातूचा कीस भरलेला असे आणि लहर आली की किसाचा विद्युत्‌रोध घटे. पण कोलकात्याच्या दमट हवेत हा कीस लहरीपणाने वागे. बोस यांनी किसाऐवजी बारीक पोलादी स्प्रिंगांची रांग बसवली, ज्यांच्यावरचा दाब स्क्रूने जुळवता येई, आणि पुढे गॅलिना, म्हणजे शिशाच्या सल्फाइडचे नैसर्गिक स्फटिक, धातूच्या टोकाशी टेकवून शोधक तयार केला. अशा सांध्यातून प्रवाह एका दिशेने सहज वाहतो आणि उलट दिशेने अडखळतो, म्हणून आलेल्या लहरीचे मोजता येईल अशा एकदिश प्रवाहात रूपांतर होते. आजच्या भाषेत तो अर्धवाहक शोधक होता. त्याच्या अमेरिकन पेटंटसाठी १९०१ मध्ये अर्ज झाला आणि २९ मार्च १९०४ रोजी ते मिळाले. मिलिमीटर लहरींवर चालणारे रेडिओ खगोलशास्त्र उदयाला येण्यास त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लागला, आणि जेव्हा ते आले तेव्हा नरसाळ्याच्या आकाराची अँटेना, दुहेरी लोलक आणि अर्धवाहक सांधा ही बोस यांची तिन्ही साधने दुर्बिणींच्या ग्राहक यंत्रात सुधारित रूपात दिसू लागली. १९१७ च्या नोव्हेंबरात बोस इन्स्टिट्यूट, म्हणजे बसु विज्ञान मंदिर, स्थापन झाले तेव्हा बोस यांचे लक्ष वनस्पतींच्या संवेदनांकडे वळलेले होते; तरी पुतिराम दास यांच्यासारख्या यंत्रकारागिरांची जी फळी त्यांनी घडवली ती संस्थेच्या कार्यशाळेत राहिली, आणि त्या कार्यशाळेचा वारसा त्यांच्या भाच्याच्या हाती आला.

देवेन्द्रमोहन बोस यांनी केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत काम केले होते, जेथे चार्ल्स विल्सन यांनी मेघपेटी सिद्ध केली. मेघपेटीत बाष्पाने संपृक्त झालेली हवा एकाएकी प्रसरण पावू दिली जाते, त्यामुळे ती थंड होते, आणि तिच्यातून विद्युत्‌भारित कण गेला असेल तर त्याच्या वाटेवर सूक्ष्म थेंब जमून धुक्याची बारीक रेघ दिसते. १९१४ साली देवेन्द्रमोहन बर्लिनला एरिख रेगेनर यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि महायुद्धामुळे तेथेच अडकले. त्या सक्तीच्या मुक्कामात त्यांनी स्वतः मेघपेटी बांधली, आणि १९१९ मध्ये कोलकात्यास परतल्यावर विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात ते तंत्र रुजवले. एस. के. घोष यांच्यासह त्यांनी घेतलेली अल्फा कणांच्या वाटांची छायाचित्रे १९२३ मध्ये 'नेचर'मध्ये आली. १९३७ च्या नोव्हेंबरात जगदीशचंद्र निवर्तले आणि पुढच्या वर्षी देवेन्द्रमोहन बोस इन्स्टिट्यूटचे संचालक झाले, तेव्हा त्यांच्यासोबत काम करण्यास बिभा चौधुरी ही तरुण संशोधिका आली, जिने १९३६ साली कोलकाता विद्यापीठातून पदार्थविज्ञानाची एम.एस्सी. पदवी घेतली होती.

१९३८ च्या जानेवारीत कोलकात्यात विज्ञान काँग्रेसचे रौप्यमहोत्सवी अधिवेशन भरले आणि त्यास जर्मनीचे वॉल्टर बोथ यांच्यासह अनेक परदेशी शास्त्रज्ञ उपस्थित होते. वैश्विक किरणांच्या अभ्यासासाठी फोटोच्या काचांचा उपयोग करता येईल ही चर्चा देवेन्द्रमोहन आणि बिभा चौधुरी यांनी तेथे ऐकली आणि मनावर घेतली. या तंत्राचा एक धागा मुंबईशीही जुळतो, कारण अशा काचेत अणुकेंद्राचे विघटन टिपता येते हे १९३५ साली मॉरिस गोल्डहाबर यांच्यासह दाखवणारे एच. जे. टेलर हे मुंबईच्या विल्सन कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. तंत्राचे तत्त्व समजण्यास कठीण नाही. फोटोच्या काचेवर जिलेटिनचा थर असतो आणि त्यात चांदीच्या ब्रोमाइडचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. विद्युत्‌भारित कण थरातून गेला की वाटेतील ब्रोमाइडच्या कणांमध्ये असा बदल होतो की काच धुतल्यावर ते काळे पडतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या ठिपक्यांची एक रांग दिसते. मेघपेटी क्षणभरच जागी असते, काच मात्र महिनोन्‌महिने सतत नोंद करत राहते, तिला वीज लागत नाही आणि ती डोंगरावर नेता येते. साधनसामग्री तुटपुंजी असलेल्या पण हिमालय जवळ असलेल्या प्रयोगशाळेला याहून सोयीचे साधन सापडले नसते.

वैश्विक किरण वातावरणात शिरताना हवेतील अणुकेंद्रांवर आदळतात आणि त्यातून जे दुय्यम कण निघतात त्यांतील बरेचसे खाली येईपर्यंत शोषले जातात किंवा विघटित होतात, म्हणून जितके उंच जावे तितके ते अधिक मिळतात. बोस आणि चौधुरी यांनी इल्फर्ड कंपनीच्या काचा दार्जिलिंग, सुमारे १२,००० फुटांवरील सांदकफू आणि तिबेटातील सुमारे १४,५०० फुटांवरील फारी जोंग येथे ठेवल्या, कित्येक महिन्यांनी परत आणून धुतल्या, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेका ठिपक्यांच्या रांगेचे मोजमाप सुरू झाले. येथेच त्यांची खरी पद्धतशीर प्रतिभा दिसते. थरातून जाणारा कण अणुकेंद्रांच्या जवळून जाताना त्यांच्या विद्युत्‌बलाने पुन्हा पुन्हा किंचित वळतो, आणि हे वळणे कणाच्या वस्तुमानावर व वेगावर अवलंबून असते. दुसरीकडे ठिपके किती दाट पडतात यावरून कणाच्या वेगाचा अंदाज येतो. या दोन मोजमापांची सांगड घातली की कणाचे वस्तुमान काढता येते. अशा रीतीने त्यांनी मेसोट्रॉन (पुढे मेसॉन), म्हणजे इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या दरम्यान वस्तुमान असलेल्या कणाचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट ठरवले, आणि १९४० ते १९४२ या काळात ते निष्कर्ष 'नेचर'मध्ये टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध केले.

त्यांच्या हाती असलेल्या काचा मात्र हाफटोन प्रतीच्या होत्या, ज्या मुळात चित्रांचे ठसे तयार करणाऱ्या छपाईच्या धंद्यासाठी बनवल्या जात. उपेन्द्रकिशोर रायचौधुरी यांच्यामुळे हाफटोन छपाईत कोलकात्याचे नाव जगभर झाले होते, पण ठशासाठी उत्तम असलेली काच मूलकणांसाठी कमकुवत ठरते: तिचा थर पातळ, त्यातील ब्रोमाइडचे प्रमाण थोडे आणि संवेदनशीलता कमी, त्यामुळे वेगवान कणांची खूण जवळजवळ उमटत नाही आणि मंद कणाच्या वाटेवरही ठिपके विरळ पडतात. अधिक संवेदनशील काचा हव्यात हे दोघांना कळत होते, परंतु दुसऱ्या महायुद्धामुळे त्या विलायतेहून येईनात, आणि भारतात त्या बनवण्याची सोय नव्हती. त्याच वेळी ब्रिस्टलमध्ये सेसिल पॉवेल याच मार्गाने चालले होते. युद्ध संपता संपता इल्फर्डने त्यांच्या गटासाठी ब्रोमाइडचे प्रमाण अनेक पटींनी वाढवलेला नवा थर तयार केला, त्या काचा फ्रान्समधील पिक द्यु मिदी आणि बोलिव्हियातील चाकाल्ताया पर्वतावर ठेवल्या गेल्या, आणि १९४७ मध्ये त्यांत एका कणाच्या वाटेच्या टोकाला दुसऱ्या, थोड्या हलक्या कणाची वाट सुरू होताना स्पष्ट दिसली. पहिला कण पायॉन होता, ज्याचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या २७३ पट, आणि दुसरा म्यूऑन, ज्याचे २०७ पट. १९५० चे नोबेल पारितोषिक पॉवेल यांना या छायाचित्रण पद्धतीच्या विकासासाठी आणि तिच्या साहाय्याने लावलेल्या मेसॉनच्या शोधांसाठी मिळाले.

पायॉनचा शोध बोस आणि चौधुरी यांनीच आधी लावला होता असे अलीकडे आवेशाने लिहिले जाते, आणि त्यामागील भावना समजण्यासारखी असली तरी ते विधान पुराव्यापलीकडे जाते, कारण हाफटोन काचेवरील विरळ ठिपक्यांतून पायॉन आणि म्यूऑन वेगळे ओळखता येणे शक्य नव्हते. त्यांचे श्रेय वेगळे आहे, आणि ते काही कमी मोलाचे नाही: फोटोच्या थरातील विकिरण मोजून मेसॉनचे वस्तुमान काढण्याची पद्धत त्यांनी प्रथम वापरली, आणि पॉवेल यांनी पुढे आपल्या ग्रंथात त्यांच्या या अग्रक्रमाची दखल घेतली. जी गोष्ट त्यांना नाकारली गेली ती बुद्धी, चिकाटी किंवा हिमालय यांपैकी नव्हती. ती एका कारखान्यात बनणारी काच होती. या संपूर्ण इतिहासात एवढ्या छोट्या वस्तूने एवढे मोठे अंतर पाडल्याचे दुसरे उदाहरण नाही, आणि म्हणूनच ते सविस्तर नोंदवणे आवश्यक आहे.

बिभा चौधुरी १९४५ मध्ये मँचेस्टरला पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत गेल्या, तेथे त्यांनी मेघपेटी आणि गणित्र नळ्यांच्या साहाय्याने वैश्विक किरणांच्या विस्तृत वर्षावांवर प्रबंध लिहिला, आणि १९४९ मध्ये होमी भाभा यांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतले, जेथे त्या पहिल्या महिला संशोधिका ठरल्या. पुढे कोलारच्या सोन्याच्या खाणीतील प्रयोगांशीही त्यांचा संबंध आला, आणि कोलकात्यात परतून १९९१ साली निधन होईपर्यंत त्या काम करत राहिल्या. हयातीत त्यांना मोठा सन्मान लाभला नाही. २०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने सेक्स्टन्स तारकासमूहातील एचडी ८६०८१ या ताऱ्याला बिभा हे नाव दिले.

काचेची कथा घडत असतानाच विज्ञान महाविद्यालयात मेघनाद साहा दुसऱ्या एका वस्तूची वाट पाहत होते. १९३८ मध्ये अलाहाबादहून परतल्यावर साहा यांनी अणुकेंद्रीय पदार्थविज्ञानाचा अभ्यासक्रम सुरू केला आणि सायक्लोट्रॉन उभारण्याचा निर्धार केला. सायक्लोट्रॉन हा चुंबकाच्या साहाय्याने कणांना वर्तुळाकार फिरवत प्रत्येक फेरीत विद्युत्‌दाबाचा धक्का देऊन वेग वाढवणारा वेगवर्धक. साहा यांचे शिष्य बासंतीदुलाल नागचौधुरी यांनी बर्कलीला सायक्लोट्रॉनचे जनक अर्नेस्ट लॉरेन्स यांच्याकडे शिक्षण घेतले, टाटांच्या विश्वस्त निधीतून मदत मिळाली, आणि चुंबकाचे भाग कोलकात्यास पोचलेही. परंतु पेटीतील हवा काढून घेणारे निर्वात पंप ज्या जहाजावर होते ते युद्धात बुडाले. यंत्राला पूर्णत्व येण्यास त्यामुळे कित्येक वर्षे लागली. दरम्यान साहा यांनी संस्था मात्र उभी केली, जिचे उद्‌घाटन ११ जानेवारी १९५० रोजी इरेन जोलिओ-क्यूरी यांच्या हस्ते झाले आणि जी त्यांच्या मृत्यूनंतर साहा इन्स्टिट्यूट ऑफ न्यूक्लिअर फिजिक्स म्हणून ओळखली जाऊ लागली. सॉल्ट लेक भागात अणुऊर्जा विभागाने उभारलेल्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरच्या, म्हणजे व्हीईसीसीच्या, २२४ सेंटिमीटर व्यासाच्या सायक्लोट्रॉनमधून १६ जून १९७७ रोजी पहिला कणझोत मिळाला. या दोन संस्था शेजारी शेजारी आल्या, त्यांच्याकडे लेथ, निर्वात यंत्रणा, इलेक्ट्रॉनिक्स आणि ती चालवणारी तंत्रज्ञ मंडळी जमली, आणि त्या जमवाजमवीतूनच पुढचा टप्पा शक्य झाला.

तो टप्पा जिनिव्हाजवळील सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतून आला. जड अणुकेंद्रे प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळली तर प्रोटॉन आणि न्यूट्रॉन वितळून त्यांतील क्वार्क आणि ग्लुऑन काही क्षण मोकळे होतात, आणि विश्वाच्या जन्मानंतरच्या पहिल्या काही मायक्रोसेकंदांत सर्व पदार्थ अशाच अवस्थेत होता असे मानले जाते. ही अवस्था शोधण्यासाठी टकरीतून निघणाऱ्या कणांची मोजदाद करावी लागते, आणि त्यांपैकी फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, पुढच्या दिशेने इतक्या दाटीने येतात की नेहमीच्या उष्मामापी शोधकांना ते वेगळे करता येत नाहीत. व्हीईसीसीचे योगेन्द्र पाठक वियोगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तेव्हाचे संचालक बिकाश सिन्हा यांच्या पाठिंब्याने, प्रत्येक फोटॉनची ऊर्जा मोजण्याचा हट्ट सोडून त्यांची फक्त संख्या आणि दिशा मोजणारा शोधक सुचवला. त्याला फोटॉन मल्टिप्लिसिटी डिटेक्टर, संक्षेपाने पीएमडी, असे नाव पडले. या कामात भुवनेश्वरची इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्स आणि चंडीगड, जयपूर व जम्मू येथील विद्यापीठे सामील झाली.

पीएमडीचे तत्त्व असे की फोटॉन शिशाच्या पातळ पत्र्यावर आदळला की त्यातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांचा एक छोटा वर्षाव सुरू होतो आणि पत्र्यामागील अनेक कप्पे एकदम पेटतात, उलट पायॉनसारखा विद्युत्‌भारित कण बहुधा एकाच कप्प्यात खूण सोडून पुढे जातो. म्हणून पेटलेल्या कप्प्यांच्या पुंजक्यावरून फोटॉन ओळखता येतो. १९९० च्या दशकाच्या आरंभी डब्ल्यूए९३ आणि नंतर डब्ल्यूए९८ या सर्नच्या प्रयोगांत हे कप्पे प्लास्टिक सिन्टिलेटरच्या चौकोनी तुकड्यांचे होते. सिन्टिलेटर म्हणजे कण गेला की क्षीण प्रकाश देणारा पदार्थ. तो प्रकाश तंतूंमधून नेऊन प्रतिमा उजळणाऱ्या नळ्यांवर पाडला जाई आणि सीसीडी कॅमेऱ्याने टिपला जाई, व हे कॅमेरे यूए२ या आधीच्या प्रयोगातून उरलेले होते. डब्ल्यूए९८ मध्ये अशा तुकड्यांची संख्या पन्नास हजारांवर गेली. दुसऱ्यांची उरलेली सामग्री घेऊन नवे साधन उभे करण्याची ही रीत प्रेसिडेन्सी कॉलेजाच्या काळापासून कोलकात्यास परिचित होती. मात्र या वेळी ते साधन जगातील आघाडीच्या प्रयोगाच्या गाभ्यात बसले.

अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या स्टार प्रयोगासाठी आणि सर्नच्या अ‍ॅलिस प्रयोगासाठी हीच रचना पुरेशी नव्हती, कारण तेथे शोधक बलवान चुंबकीय क्षेत्राच्या जवळ बसणार होता आणि कप्पे अधिक बारीक हवे होते. म्हणून गटाने सिन्टिलेटर सोडून वायूचा मार्ग धरला. मधमाशीच्या पोळ्यासारखी तांब्याची षट्‌कोनी घरे, प्रत्येक घराच्या मध्यातून सोन्याचा मुलामा दिलेली टंगस्टनची केसाहून बारीक तार, आत ७० टक्के आरगॉन आणि ३० टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि तांब्यावर हजार व्होल्टहून अधिक ऋण दाब, अशी ही घडण आहे. कण वायूतून जाताना जे इलेक्ट्रॉन सुटतात ते तारेकडे ओढले जातात आणि तिच्याजवळ पोचताना त्यांची संख्या अनेक पटींनी वाढून मोजता येईल असा स्पंद मिळतो. तांब्याच्या भिंती येथे केवळ सांगाडा म्हणून नाहीत. वायूच्या मोकळ्या पेटीत कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन शेजारच्या भागात भटकतात आणि एका कणाची खूण पसरट होते, त्या भटकण्याला या भिंती अडवतात, आणि दाटीतही एक कण एका घरात राहतो. स्टारच्या पीएमडीत ८२,९४४ घरे होती, अ‍ॅलिसच्या आराखड्यात २,२१,१८४, आणि तेथे घराचा आकार जवळजवळ एक पंचमांश चौरस सेंटिमीटरवर आणला गेला. तार ओवणे, तिचा ताण तपासणे, डाख लावणे, गळती शोधणे आणि प्रत्येक घराचा प्रतिसाद नोंदवणे हे काम भारतात झाले, आणि एवढ्या संख्येने एकसारखी घरे बनवणे हे एक उत्तम घर बनवण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

प्रत्येक घरातून येणारा स्पंद वाचण्यासाठी इलेक्ट्रॉनिक चिप लागते, आणि येथे हाफटोन काचेच्या प्रसंगाची पुनरावृत्ती होण्याची शक्यता होती. ती टळली, कारण साहा इन्स्टिट्यूटमध्ये मानस नावाची चिप आखली गेली आणि चंडीगडजवळ मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये तिचे उत्पादन झाले. एका मानस चिपमध्ये १६ वाहिन्या असतात. प्रत्येक वाहिनी अत्यंत क्षीण स्पंद वाढवते, त्याला आकार देते आणि क्षणभर धरून ठेवते, आणि मग सोळाही मूल्ये एकामागून एक एकाच तारेवरून बाहेर पाठवली जातात, त्यामुळे तारांचा पसारा आटोक्यात राहतो. पीएमडीबरोबरच अ‍ॅलिसच्या म्यूऑन वर्णपटमापकातही हीच चिप बसली, ज्याच्या वाहिन्यांची संख्या दहा लाखांहून अधिक आहे, आणि त्या वर्णपटमापकाचे दुसरे स्थानक साहा इन्स्टिट्यूटने अलीगढ मुस्लिम विद्यापीठासह बांधले. भारत १६ जानेवारी २०१७ रोजी सर्नचा सहयोगी सदस्य झाला त्याची चर्चा मुत्सद्देगिरीच्या अंगाने पुष्कळ झाली, पण त्या सदस्यत्वाचा पाया अशा चिपांनी आणि तांब्याच्या घरांनी घातला होता, आणि एखादा देश मोठ्या प्रयोगात कोणत्या नात्याने बसतो हे बहुतांशी त्याने बनवून आणलेल्या वस्तूवरून ठरते.

मोठ्या प्रयोगांच्या जोडीने कमी खर्चाच्या शोधकांची परंपराही शहरात चालू राहिली. बोस इन्स्टिट्यूटच्या शिबाजी राहा यांच्या गटाने स्ट्रेंजलेट नावाच्या, सिद्धान्ताने सुचवलेल्या पण अद्याप न सापडलेल्या जड पुंजक्यांच्या शोधासाठी पॉलिएथिलिन टेरेफ्थॅलेट या बाजारात सहज मिळणाऱ्या प्लास्टिकच्या पारदर्शक पत्र्यांचा शोधक म्हणून अभ्यास केला. जड कण अशा पत्र्यातून गेला की रेणूंच्या साखळ्या तुटतात, क्षारयुक्त द्रावणात पत्रा ठेवला की तुटलेली जागा आधी झिजते आणि सूक्ष्मदर्शकाखाली खळगा दिसतो. हलक्या कणांची खूण मात्र त्यावर उमटतच नाही, आणि दुर्मीळ जड कण शोधताना ही असंवेदनशीलता गुण ठरते. हे पत्रे दार्जिलिंग आणि सांदकफू येथेच मांडले गेले. साहा इन्स्टिट्यूटने कृष्णद्रव्याच्या शोधासाठी जादुगुडाच्या युरेनियम खाणीत ५५५ मीटर खोलीवर प्रयोगशाळा थाटली, जेथे जेलमध्ये अडकवलेले द्रवाचे अतितप्त थेंब कणाच्या धक्क्याने एकाएकी वाफ होतात आणि त्यांचा आवाज संवेदकाने ऐकला जातो. इंडियन सेंटर फॉर स्पेस फिजिक्स या कोलकात्याच्या संस्थेने टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या साहाय्याने बनवलेली आरटी-२ ही क्ष-किरण उपकरणे ३० जानेवारी २००९ रोजी रशियाच्या कोरोनास-फोटॉन उपग्रहातून अवकाशात गेली, आणि उपग्रहाची वीजपुरवठ्याची यंत्रणा त्याच वर्षी निकामी झाल्यामुळे त्यांचे आयुष्य अल्प ठरले.

अ‍ॅलिसमधील पीएमडीचे काम लार्ज हॅड्रॉन कोलायडरच्या दुसऱ्या पर्वाबरोबर २०१८ मध्ये संपले, कारण पुढच्या पर्वात टकरींचा दर त्याच्या वाचन यंत्रणेच्या आवाक्याबाहेर जाणार होता. कोलकात्याच्या गटांनी त्याआधीच जर्मनीतील डार्मस्टाट येथे उभ्या राहणाऱ्या फेअर या वेगवर्धकाकडे मोर्चा वळवला होता, ज्यातील भारतीय सहभागाचे संयोजन बोस इन्स्टिट्यूटकडे आहे. तेथील सीबीएम प्रयोगाच्या म्यूऑन शोधकासाठी व्हीईसीसीने जीईएम, म्हणजे दोन्ही बाजूंनी तांब्याचा मुलामा दिलेल्या पातळ प्लास्टिकच्या पापुद्र्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडून प्रत्येक छिद्रात इलेक्ट्रॉनांची संख्या वाढवणारे पटल, निवडले आहे. तारेऐवजी छिद्र आल्याने दर सेकंदाला कितीतरी अधिक कण मोजता येतात. मात्र असे मोठे आणि निर्दोष पापुद्रे जगात मोजक्याच ठिकाणी बनतात, त्यांत सर्नची कार्यशाळा अग्रेसर आहे, आणि या वस्तूपुरते कोलकाता पुन्हा एकदा बाहेरून येणाऱ्या मालावर अवलंबून आहे.